चाळीस फूट

"लिफ्ट अजून मागं घे," रामराव म्हणाले. मोतीबिंदूनं डोळे गेलेले, त्यामुळं ते बोटांनीच प्लायवूडचा डेक चाचपत होते.

मच्छिंद्रनं नकाशा पुन्हा पाहिला. वडीगोद्रीतल्या आपल्या फर्निचरच्या दुकानात वडिलांसाठी तो जहाजाच्या डेकचा हा चार फुटांचा नमुना तिसऱ्यांदा करत होता. महायुद्धात रामराव एका ब्रिटिश विमानवाहू जहाजावर भांडारात कामाला होते. त्या जहाजाचा नकाशा विलायतेतल्या जुन्या खलाशांकडून तीन पत्रांनंतर मिळाला होता. एक इंचाला सोळा फूट. पोलादी डेकचा राखाडी रंग, उतरतं विमान अडवायच्या आडव्या तारा, खालून विमानं वर आणायची मागची लिफ्ट, सगळं मापात बसलं होतं.

"आबा, नकाशात ती हितंच हाय."

"नकाशा काढणाराच चुकला असंल. मागं घे."

कारभारी नावाचा गावातलाच एक जण त्यांच्यासोबत भरती झाला होता. डेकवर बॉम्ब पडला तेव्हा त्याचा पाय लिफ्टच्या कडेत अडकला. रामराव डेकच्या उजव्या कडेला असलेल्या मनोऱ्याच्या दारात होते. कारभारीनं हाका मारल्या. मग आग पसरली. त्याच्या बायकोला, साळूबाईला, रामराव चाळीसेक वर्षं एकच सांगत आले होते: "मी पार दुसऱ्या टोकाला व्हतो, वहिनी. पळलो असतो तरी पोचलो नस्तो." ते अंतर मोठंच होतं, एवढंच त्यांना मरायच्या आधी हातानं चाचपायचं होतं.

मच्छिंद्रनं दारापासून लिफ्टपर्यंत पट्टी धरली. अडीच इंच. लिफ्ट मागं सरकवणं त्याच्या हातात होतं. चार दिवसांपासून म्हातारा धड जेवला नव्हता. त्यानं करवत उचलली.

"किती भरलं?" रामरावांनी विचारलं. "खरं सांग."

मच्छिंद्रनं करवत खाली ठेवली. "चाळीस फूट, आबा."

रामरावांनी तेवढंच अंतर दुकानासमोर मोजायला लावलं. मच्छिंद्रनं टेप लावून दारापासून चाळीस फुटांवर एक वीट ठेवली. भर उन्हात काठी टेकत ते निघाले. काठी विटेला लागली तेव्हा त्यांना धापही लागली नव्हती.

ते खाली बसले, विटेवर हात ठेवला. मच्छिंद्र उठवायला गेला, तर त्यांनी त्याचा हात बाजूला सारला.

"साळूबाईला बोलावून आण," ते म्हणाले. "मी हितून हालत न्हाई."