तीननंतरचं पाणी

खाटा सोळा. माणसं सोळा: नऊ बाया, सात पुरुष. उशा पंधरा. पंखे चार, थंडीचे दिवस म्हणून बंद. भिंतीवर घड्याळ एक, त्यात चार वाजून दहा मिनिटं. पाण्याचा माठ एक, तोही दाराबाहेर, कमरेएवढ्या कट्ट्यावर, झाकणावर वीट ठेवलेली. आणि पेले? सुकेशनीनं वाकून एकेका खाटेखाली पाहिलं. एकही नाही.

रविवारी अकरा ते बारा ही भेटीची वेळ. तेव्हा प्रत्येक खाटेशेजारी घासलेला स्टीलचा पेला असायचा, पाण्यानं काठोकाठ भरलेला. आज बुधवार होता. पालमकडच्या एका गावातून रक्ताचे नमुने गोळा करून ती गंगाखेडला परतत होती. वाटेत वृद्धाश्रम लागला, पुढच्या एसटीला अर्धा तास होता, म्हणून आजीला बघायला आत शिरली.

आजी, म्हणजे नर्मदाबाई, भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं मान वळवली.

"आलीस का संघप्रिया?"

संघप्रिया म्हणजे सुकेशनीची आई. ती तर दिवाळीनंतरच नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली होती. पेडगावच्या घराला कुलूप होतं. बी. एस्सी. झालेली सुकेशनी गंगाखेडच्या एका लॅबमध्ये नोकरीला होती आणि दोन मुलींबरोबर एका खोलीत राहत होती. त्या खोलीत चौथी खाट मावत नव्हती. हा आश्रम तिनंच शोधला होता. आजीचं गाठोडं या खाटेवर तिनंच आणून ठेवलं होतं.

"आजी, मी सुकी."

"हां... सुकी." आजीनं ओठ ओले करायला जीभ फिरवली. जीभच कोरडी होती.

तीन दिवसांपूर्वी हीच आजी शेजारच्या केशरबाईच्या घोरण्याची नक्कल करून हसत होती. अंगातलं पाणी कमी झालंय का ते बघायला सुकेशनीनं सवयीनं आजीच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली आणि लगेच तो विचार बाजूला सारला. म्हाताऱ्या कातडीवर ही परीक्षा फसते, हे तिला ठाऊक होतं. जिभेचं मात्र तसं नाही. तिनं आपली बाटली आजीच्या ओठाला लावली. अर्धा लिटर पाणी आजीनं श्वास घ्यायला दोनदाच थांबून संपवलं. शेजारच्या खाटेवरून केशरबाईनं नुसता हात पुढे केला.

"ओ ताई, तीननंतर पाणी बंद असतंय हितं." कोकिळा दारात उभी होती. आश्रमातली कामाची बाई ती एकटीच.

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. रात्री चादरी भिजतेत. सोळा चादरी थंड पाण्यात धुवायला तुमी येता का? या की सकाळी, साबण मी देते."

"माणसं आहेत ही. कुंड्या नाहीत, वेळ ठरवून पाणी घालायला."

"मग सायबाला सांगा. नियम त्यांचा हाय."

सुकेशनीची चूक इथंच झाली. ती भांडली. माठावरची वीट काढून अंगणात फेकली, कोकिळेला चार माणसांत नाही नाही ते बोलली आणि एसटी आली तशी निघून गेली.

रविवारी पेले जागेवर होते. आजी उन्हात बसली होती, शुद्धीवर, ओळख देत. पण दोन्ही हात पदराखाली धरून.

"हात दाखव."

"काय बघायचंय त्यात? पडले."

सुकेशनीनं पदर बाजूला केला. दोन्ही मनगटांभोवती निळसर पट्टा. तिनं वहीतली पट्टी काढून लावली. डावीकडे अडीच सेंटिमीटर, उजवीकडे अडीच. पडण्याला एवढी शिस्त नसते.

"आजी, कशानं बांधलं?"

आजी अंगणातल्या कोंबडीकडे बघू लागली. मग हळू आवाजात बोलली. "लुगड्याच्या काठानं. तू बोलून गेलीस, त्या राती मला लय तहान लागली. उठले अन् माठाकडं गेले. कोकिळा म्हणली, पडशील म्हातारे, अन् बांधलं. रोजच बांधतेत आता."

"चल. आत्ताच चल माझ्याबरोबर. घरमालकिणीचं मी बघते."

"तुझ्या बापाला कळलं की तो पळत येईल. अन् तो आला की कोयता मोडला."

फडावर एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो ऊस तोडतो, ती मोळी बांधते. एक जण उठून गावी आला, की दुसऱ्यालाही टोळीत जागा राहत नाही. हे सुकेशनीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शाळेत असताना दोन हंगाम तिनंही मोळ्या वाहिल्या होत्या. इथल्या बहुतेकांची मुलं अशीच फडावर. दर रविवारी बाराच्या ठोक्याला आश्रमाचे चालक भगवानराव आपला फोन स्पीकरवर टाकून एकेकाच्या तोंडापुढे धरायचे. पलीकडे मुकादमाचा फोन, भोवती अख्खी टोळी. इकडून सगळे एकच बोलायचे: बरं हाय.

"तू पण तेच सांगतेस," सुकेशनी म्हणाली.

"मग काय सांगू? अन् मी तुझ्यासंगं गेले, तर केशरबाईचं काय? तिला भेटायला बी कुणी येत न्हाई. ती कवाची बांधलेलीच झोपती."

सुकेशनी बाहेर रस्त्यावर आली आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाईनचा १४५६७ हा नंबर लावला. तासाभरात परभणीहून पंकजा नावाच्या कार्यकर्तीचा फोन आला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पुन्हा भांडू नका. भांडून तुम्ही घरी जाता, त्या तिथंच राहतात."

"कळलं ते मला. उशिरा कळलं."

"काय दिसलं, कधी दिसलं, तेवढंच लिहा. आजींना आजच बाहेर काढायचं असेल तर गाडी पाठवते. पण त्यांना विचारून."

सुकेशनी आत जाऊन आली. "आजी म्हणते, दोन रात्री काढते. पण एकटीसाठी येणार नाही, सगळ्यांचं बघा."

"समाजकल्याणच्या अधिकाऱ्यांना घेऊन मंगळवारी येते, न कळवता. पण चालक म्हणतील, आम्ही पाणी देतो, म्हातारी माणसं विसरतात. तेव्हा समोर ठेवायला काही आहे का?"

"मंगळवारी दुपारपर्यंत असेल," सुकेशनी म्हणाली.

लॅबचे डॉक्टर राधाकिशन यांनी फार प्रश्न विचारले नाहीत. वहीचं पान वाचलं आणि मोफत तपासणी शिबिराचं पत्र लिहून दिलं. ते पत्र पाहून भगवानराव एकदम खूश.

"फोटो पेपरात येईल ना? नाव नीट टाका. भगवानराव. 'राव' विसरू नका."

मंगळवारी सकाळी सात वाजता सुकेशनी सोळा डब्या घेऊन हजर झाली. प्रत्येकाच्या खाटेवर बसून तिनं सांगितलं, की रक्तातली साखर बघायची आहे आणि शरीराला पाणी पुरतं का, हे लघवीवरून बघायचं आहे. पाहिजे तर द्या, नको असेल तर राहू द्या. चौदा जण हो म्हणाले. सीताराम नावाचे एक आजोबा म्हणाले, "देतो, पण येईल का ते बघ. आत काय हाय, म्हणून बाहेर येणार?" आणि स्वतःच हसले.

लॅबमध्ये तिनं रिफ्रॅक्टोमीटर काढला. बोटाएवढ्या जाडीची नळी, तिच्या काचेवर एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. साध्या पाण्याचा आकडा १.०००. अंगात पाणी कमी पडलं, की लघवी घट्ट होते आणि आकडा चढतो; १.०२५ म्हणजे पाणी कमी पडल्याची खूण. ज्या दोघांची साखर जास्त निघाली, त्यांचे आकडे तिनं वेगळे ठेवले, कारण साखरेनंही आकडा चढतो. राहिले बारा. त्यांतले दहा १.०२५ किंवा त्याहून वर. नर्मदाबाई १.०३१. प्रत्येक थेंब तिनं दोनदा वाचला. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा वाचून सही केली.

सव्वाचारला आश्रमाच्या दारात जीप थांबली. पंकजा, समाजकल्याणचे अधिकारी आणि सुकेशनी थेट आत गेले. पेले कपाटात कुलूपबंद होते. माठावर वीट परत आली होती. उशांखाली लुगड्याचे काठ सापडले, नऊ.

भगवानराव धावत आले. "साहेब, वय झालं की असंच असतं. पाणी दिलं तरी म्हणतात दिलं नाही. काठ बांधतो ते पडू नयेत म्हणून."

अधिकाऱ्यांनी कागद पुढे केला. "आणि ही बारांपैकी दहा माणसं, ही पण विसरली का लघवी पातळ करायला?"

भगवानरावांनी कागद उलटा-सुलटा केला. मग फोन काढला. "यांच्या घरच्यांनाच विचारा. दर रविवारी बोलतात. एकाचीही तक्रार नाही. थांबा, ह्या नर्मदाबाईंच्या मुलालाच लावतो. नात लय शिकलेली आहे ना, लेकाचंही ऐकू द्या."

फोन स्पीकरवर लागला. मुकादमानं हाक मारली. पाठीमागे ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी खोकत होतं.

"जय भीम, माय," धम्मपालचा आवाज आला. "आज मंगळवारी फोन? बरी हायस ना?"

भगवानरावांनी फोन नेहमीसारखा आजीच्या तोंडापुढे धरला. सुकेशनी एक पाऊल मागे सरली. हे आजीनंच बोलायचं होतं, किंवा बोलायचं नव्हतं.

आजी खाटेवर नीट बसली. तिनं फोन भगवानरावांच्या हातातून काढून स्वतःच्या हातात घेतला.

"जय भीम, धम्मपाल. बरं न्हाई."

पलीकडे ट्रॅक्टर बंद झाला.

"मी दर रविवारी बरं हाय म्हणत होते, ते खोटं होतं. हितं तीननंतर पाणी देत न्हाईत. राती हात बांधतेत."

"माय, येऊ का मी? आत्ता निघतो."

"येऊ नको. कोयता मोडू नको. सुकी हाय माझ्यापाशी, सरकारची माणसं हायेत. तुला कळावं म्हणून सांगितलं. अन् तुझ्या टोळीतल्या सगळ्यांना सांग, आपापल्या मायबापाला पुन्हा विचारा म्हणावं."

केशरबाईनं पदराखालून हात काढले आणि पंकजासमोर धरले. "माझं बी लिहा." मग सीताराम. मग पलीकडच्या दोघी.

कोकिळा दाराला टेकून उभी होती. "नियम सायबांचा," ती म्हणाली, "पण गाठी मी मारल्या. ते बी लिहा. अन् हे बी लिहा, की सोळा माणसांना मी एकटी होते."

पंकजानं दोन्ही लिहिलं. आजीच्या जबाबावर अंगठा नको, सही घ्या, असं आजीनंच बजावलं. साक्षरता वर्गात शिकलेली तिची सही करायला दोन मिनिटं लागली.

भगवानरावांवर गुन्हा नोंदला गेला. आश्रमाचा कारभार समाजकल्याण कार्यालयानं तात्पुरता दुसऱ्या संस्थेकडे दिला. रात्रपाळीला आणखी दोन बाया आल्या, चादरींसाठी कपडे धुण्याचं यंत्र आलं. कोकिळेची चौकशी सुरू राहिली. आजीला सुकेशनीनं पुन्हा विचारलं, खोलीवर येतेस का. ती म्हणाली, आता कामून येऊ, केशरबाईचं घोरणं कोण ऐकणार?

पुढे तीन आठवड्यांनी, एका बुधवारी, सुकेशनी कुणाला न सांगता दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आश्रमात गेली. पेले सोळा, खाटांशेजारी. रिकामे पाच, अर्धे सात, भरलेले चार. माठावर वीट नाही. डब्या घेऊन ती एकेका खाटेवर बसली. या वेळी सोळाही जण हो म्हणाले.

संध्याकाळी तिनं लॅबच्या खिडकीपाशी एकेक थेंब दोनदा वाचला आणि वहीत लिहिलं: साखरेचे वगळून नमुने चौदा. १.०२५ किंवा त्याहून वर, एक. नर्मदाबाई, १.०१२.