कुंपण आणि फरशी

“चूक, बाई, चूक!”

अर्धा वर्ग उभाच राहिला. फळ्यावर सात आठे चोपन्न लिहून बाई साळसूद चेहऱ्याने खडू झटकत होत्या. “छप्पन्न!” म्हणत पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. बाईंनी कपाळाला हात लावला. “वय झालं रे माझं. ये बाबा, तूच दुरुस्त कर.”

हे रोजचंच होतं. तासाला एक मुद्दाम केलेली चूक, आणि पकडेल त्याच्या हातात खडू. सातवीची पोरं ना धड लहान ना धड मोठी. शिकवलेलं ऐकताना जांभया देतात, पण मोठ्या माणसाची चूक काढायची म्हटलं की लगेच कान टवकारतात. शाळेत बाईंना सगळे ‘चूकबाई’च म्हणत. बाईंना ते मनातून आवडायचं, फक्त त्या तसं दाखवायच्या नाहीत.

आज मात्र शेवटच्या बाकावर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, येऊन बसल्या होत्या. आल्या होत्या त्या एका मुलीसाठी. ती कोपऱ्यात भिंतीला खेटून बसायची, म्हणून पोरांनी तिचं नावच ‘भिंत’ ठेवलं होतं. वडील घरोघरी फरश्या बसवायचे. वर्ष निम्मं संपलं तरी तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं आणि चाचणीचा पेपर कोराच दिला होता.

“तिला परत सहावीत बसवू,” सकाळी मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. “तुमच्या गमतीजमतींचा तिला काही उपयोग नाही.”

“डोकं आहे हो तिला. चूक लिहिली की सगळ्यांच्या आधी तिची नजर जाते तिथे.”

“नजरेला मार्क कसे देणार, बाई? आज तासाला येते मी. एकदा तरी बोलू दे तिला, मग बघू.”

म्हणून तर बाईंनी इतकी सोपी चूक केली होती. लिहिताना त्यांनी कोपऱ्यातल्या ‘भिंती’कडे पाहिलंही होतं, जवळजवळ विनवून. पण मुलगी वहीच्या कोपऱ्यात रेघा ओढत राहिली आणि बाकीच्या पोरांनी चूक हातोहात पळवली.

बाईंनी घाईघाईने पुढचं गणित घेतलं. “बागेला कुंपण घालायचंय. लांबी सहा मीटर, रुंदी चार. कुंपण किती लागेल?” फळ्यावर चौकोन काढताना त्यांचा एक डोळा मोठ्या बाईंवर होता. त्यांनी चोवीस लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि वळून विचारलं, “कळलं?”

“हो, बाई!” वर्ग एका सुरात म्हणाला. आजची चूक तर होऊन गेली होती. आता बाईंचं बरोबरच असणार.

“नाही.”

आवाज कोपऱ्यातून आला होता. सगळ्या माना वळल्या. मुलगी उभी होती, बाक घट्ट धरून.

“कुंपण घालायचंय ना, बाई? तुम्ही आत फरशी बसवलीत.”

बाईंनी फळ्याकडे पाहिलं आणि त्यांचे कान तापले. बाजू मोजायच्या सोडून त्यांनी आतली जागा मोजली होती, तीही मोठ्या बाईंच्या देखत. ‘शाबास, मुद्दामच चुकले होते’ असं म्हटलं असतं तर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. शब्द ओठांवर आलेही होते.

“ही मुद्दाम केलेली नाही,” बाई म्हणाल्या. “खरंच चुकले मी.”

“माहितीये. म्हणून तर बोलले.”

“म्हणजे गं?”

“रोजच्या खोट्या असतात. तुम्हाला येत असतंच सगळं.” ती जरा थांबली. “आज तुमचे कान लाल झालेत. माझे पण होतात.”

बाईंना वाईट वाटलं आणि आनंदही झाला. इतकी वर्षं त्यांनी पोरांना धीर यावा म्हणून चुकायचं नाटक केलं, आणि जिला त्या धीराची खरी गरज होती तिला नेमकं नाटकच दिसत होतं. त्यांनी खडू पुढे केला.

मुलगी फळ्यापाशी आली. तिने सहा अधिक चार लिहिलं आणि पुढे दहा. पहिल्या बाकावरचा एक पोरगा कुजबुजायला लागला, तशी बाईंनी त्याच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. मुलीचे कान लालभडक झाले. तिने चौकोनाच्या कडेने बोट फिरवलं, एक बाजू, दुसरी, मग उरलेल्या दोन. तळहाताने दहा पुसला, पुढे आणखी अधिक सहा अधिक चार जोडलं आणि वीस लिहिलं. बरोबर का म्हणून विचारलं नाही, खडू ठेवला आणि जागेवर गेली.

घंटा झाली. दारातून बाहेर पडताना मोठ्या बाई थबकल्या. “सहावीचं राहू द्या,” त्या म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून, “माझंही चोवीसच आलं होतं.”

कोपऱ्यात मुलीने खडूने माखलेला हात भिंतीला पुसला. भिंतीवर पांढरा पंजा उमटला. एरवी बाई ओरडल्या असत्या. आज त्यांनी तो पाहिला आणि फळा न पुसताच पुस्तकं उचलली.