टिकल्यांचं झाड

"ह्ये उपट, राधाकिशन. उद्या न्हाई, आजच." दिनकरराव नुकतेच विहिरीत वाकून पाहून आले होते. काठावरची धूळ त्यांच्या गुडघ्यांना लागली होती.

राधाकिशन पालथ्या घमेल्यावर उभा राहून चार बांबूंवर जुनं लुगडं ताणून बांधत होता. खाली पुरुषभर उंचीचं झाड होतं. सकाळचे नऊच वाजले होते, तरी ऊन अंगाला चावत होतं.

"दादा, एक घागर पानी लागतंय त्येला. माझ्या अंघोळीचंच घालायलो."

"वरून एक घागर. खालून मुळ्या किती प्यायल्यात ते कुनी बगितलंय? समदं चुडावा गाव म्हनायलंय, निलगिरी हीर आटवती. हीर दोघांची हाय. माझ्या दावणीला चार जनावरं हायेत."

ओट्यावर बसलेली राधाकिशनची बायको सारजाबाई म्हणाली, "वरडू नका हितं. सायब झोपलेत आत."

दिनकररावांनी वळून पाहिलं. या भावजयीने चाळीस वर्षांत थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. आज ती उघड्या डोक्याने त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत ओळख नव्हती. त्यांनी मान खाली घातली.

"पंधरा दिस," ते भावाला म्हणाले. "पंधरा दिसात पानी न्हाई आलं तर मीच कुऱ्हाड आनतो."

ते गेल्यावर राधाकिशनने लुगड्याची शेवटची गाठ मारली.

उसाच्या टोळीबरोबर ही दोघं साताऱ्याकडे गेली तेव्हा सारजाबाई विशीतली होती. दुसऱ्या हंगामाला मुकादमाच्या ओळखीने पाचगणीच्या एका बंगल्यात काम मिळालं. राधाकिशन माळी झाला, सारजाबाई घरकामाला लागली. मूलबाळ झालं नाही. एकतीस वर्षं तिथेच गेली. बंगल्याच्या मागे साहेबांनी हौसेने लावलेली एक निलगिरी होती. शेताच्या बांधावर असते तसली उंच नव्हे, शोभेची. तिची पानं गोल, रुपेरी निळसर, देठाविना फांदीत ओवल्यासारखी. सारजाबाई तिला टिकल्यांचं झाड म्हणायची. थंडी सरता सरता ती झाड गुडघ्याएवढं ठेवून छाटायची. न छाटलं तर पानं लांबट होतात, साध्या निलगिरीसारखी. छाटलं की पुन्हा गोल टिकल्या फुटतात. हे साहेबांनी तिला शिकवलं होतं आणि त्या झाडाला तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा बंगल्याचा रिवाजच झाला होता. कापलेल्या फांद्या ती तांब्यात घालून दिवाणखान्यात ठेवायची. सगळ्या घराला बामासारखा वास यायचा.

साहेब वारले, मुलांनी बंगला विकला. दोघं चुडाव्याला परत आली, आणि वर्षभरात सारजाबाईचं ध्यान सुटायला लागलं. आधी चुलीवरचं दूध. मग शेजारणींची नावं. मग एक दिवस ती राधाकिशनला पूर्णा रस्त्याला दोन मैलांवर सापडली. पायात चप्पल नव्हती.

"कुठं निघालीस?"

"घरला. झाड कापायचं राहिलंय."

नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्टच सांगितलं, की याला इलाज नाही. राधाकिशन दुसऱ्याच आठवड्यात भावाच्या सुनेला, राजेश्रीला, घरी सोबत ठेवून पाचगणीला गेला. एका रोपवाटिकेत वीतभर रोप मिळालं. रेल्वेत आणि एसटीत ते त्याने मांडीवरून खाली ठेवलं नाही. या झाडाला मुळं हलवलेली खपत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. अंगणातली काळी चिकट माती पाणी धरून ठेवते म्हणून त्याने मुरूम आणि वाळू घालून उंचवटा केला, रोपाची पिशवी ब्लेडने चिरली, मुळांभोवतीचा मातीचा गोळा न फोडता ते बसवलं. काठीला सैल बांधलं, म्हणजे वाऱ्यात हलून बुंधा जाड होतो.

झाड लागलं. दोन हिवाळ्यांत ते डोक्यावर गेलं. आणि सारजाबाई थांबली. सकाळी उठून ती झाडाजवळ जायची, पानं पुसायची, तिथेच बसायची. रस्त्याकडे बघायचीही नाही. मागल्या वर्षीच्या माघात त्याने तिच्या हातात कात्री दिली तेव्हा तिने एकदाही न विचारता, फुटव्याच्या डोळ्याच्या वर कुठे कापायचं ते बरोबर ओळखून सगळं झाड छाटलं. त्या दिवशी तिने त्याला नावानिशी जेवायला हाक मारली होती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मात्र दोनच झडी झाल्या. माघ आला तेव्हा झाड मलूल होतं. आता छाटलं तर सोसणार नाही म्हणून राधाकिशनने कात्री काढलीच नाही. वैशाखापर्यंत वरच्या फांद्यांना लांबट पानं आली. सारजाबाई एक पान हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली.

"ह्ये आपलं न्हाई," ती म्हणाली.

"आपलंच हाय, सारजे. खाली बग. गोल हायेत का न्हाईत?"

"ह्ये दुसऱ्याचं हाय."

दिनकररावांनी मुदत दिल्याच्या सहाव्या दिवशी तो रेशन आणायला गेला. रांग मोठी होती. तो दुपारी एकला परतला तेव्हा बांबूंवरचं लुगडं खाली पडलं होतं आणि सारजाबाई घामाने निथळत उकिडवी बसली होती. हातात विळा. झाड गुडघ्याएवढं उरलं होतं. बाजूला फांद्यांची जुडी नीट बांधून ठेवलेली.

राधाकिशनच्या खांद्यावरची पिशवी गळून पडली. त्याने तिच्या हातातला विळा हिसकावला, मनगट धरून तिला उभं केलं आणि गदागदा हलवलं.

"काय केलंस ह्ये? कामून कापलंस? या उन्हात मरतंय की गं ते. तीन सालं झाली मी त्येच्यापायी..."

त्याचा दुसरा हात वर गेला होता. आयुष्यात तो पहिल्यांदाच वर गेला होता. सारजाबाईने डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हात जोडले.

"सायब, चुकलं. पुन्यांदा न्हाई कापनार. आमच्या घरच्यांना, तुमच्या माळ्याला, कामावरून काढू नका."

हात तसाच राहिला, मग खाली आला. राधाकिशन मातीत बसला आणि तोंडावर टॉवेल धरून रडला. थोड्या वेळाने तीच त्याच्या जवळ सरकली आणि कुणा परक्याची समजूत काढावी तशी म्हणाली, "लय मनाला लावून घेऊ नका. फुटतंय ते."

ते फुटलं नाही. त्याने कापलेल्या भागांना शेण लिंपलं, ओलं गोणपाट गुंडाळलं. दिनकरराव मुदतीआधीच एकदा येऊन गेले. खुंट बघून त्यांना वाटलं, भावानेच कापलं. संध्याकाळी त्यांनी राजेश्रीच्या हाती दोन घागरी पाणी पाठवून दिलं. राधाकिशनने त्यातलं अर्धं खुंटाला घातलं. मृग कोरडा गेला. नंतर एके दिवशी खुंटाची साल नखाने सुटून हातात आली. आत लाकूड करडं पडलं होतं.

सारजाबाई पुन्हा निघायला लागली. सकाळी, दुपारी, कधीही. राधाकिशनने दाराला कडी लावली तर ती आतून दार बडवायची. "मला कोंडलंय, कुनी हाय का?" गल्लीतली माणसं थांबायची. एकदा गोळ्या आणायला पूर्णेला जाणं भागच होतं आणि राजेश्री माहेरी गेलेली. त्याने सारजाबाईचा हात मऊ पातळाने बाजेच्या खुराला बांधला. सैल बांधला. तीन तासांनी तो आला तेव्हा ती ओढून ओढून थकून झोपली होती, आणि मनगटावर लाल वळ होता. त्याने पातळ सोडलं. वळावर खोबरेल चोळताना त्याला स्वतःच्या बोटांची किळस आली. त्याने त्या रात्री अन्नाला हात लावला नाही.

सकाळी त्याने पाणी तापवलं, तिला न्हाऊ घातलं, वेणी घातली. धुतलेलं लुगडं नेसवलं. दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून तिच्याजवळ दिला. मग दार सताड उघडलं आणि बाजूला झाला.

"चल, सारजे. कुठं जायचं ते जा."

ती निघाली. तो चार पावलं मागे. ती वळणावर थांबली तर तोही थांबायचा. देवळापाशी दिनकरराव बसले होते; ते उठले, पण राधाकिशनने हात करून त्यांना बसवलं. सारजाबाई चालत चालत रेल्वे स्टेशनवर आली आणि फलाटावरच्या बाकावर ऐसपैस बसली. राधाकिशन बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला. परभणीकडची गाडी आली, दोन माणसं उतरली, गाडी गेली. ती उठली नाही.

बऱ्याच वेळाने तिचं त्याच्याकडे लक्ष गेलं.

"तुमी कुठं निघालाव?"

"तुमी निघालाव तिकडंच."

"बरं झालं. सोबत झाली." तिने पदर सारखा केला. "आमच्या घरचे यायलेत मागून. त्येंची वाट बगायले."

"येतील."

"येतील तर. चुकायचे न्हाईत ते."

तिने मांडीवर फडकं सोडलं. भाकरीचा तुकडा मोडून त्यावर ठेचा ठेवला आणि त्याच्यापुढे केला. "घ्या. उपाशी दिसायलाव." राधाकिशनने तो दोन्ही हातांनी घेतला. मग तिने दुसरी भाकरी, अख्खी, पुन्हा फडक्यात गुंडाळली, घट्ट गाठ मारली आणि दोघांच्या मधल्या जागेवर ठेवली.

"ही त्येंच्यासाठी," ती म्हणाली.

राधाकिशन खाली मान घालून सावकाश खात राहिला.