मागचीची घागर

माझं नाव चतुराबाई. नाव ठेवनारी आत्या आज भेटली तर इचारीन, बाई, कशावरून ठेवलंस?

आमच्याकडं उन्हाळ्यात कयाधू नदीच्या पात्रात झिरा उकरतात. रेतीत हातभर खड्डा केला की तळाला निवळ पानी पाझरतं. ते करवंटीनं घागरीत घ्यायचं. पन आपली घागर आपन भरायची न्हाई, असा रिवाज. पुढचीनं मागचीची भरायची, शेवटचीनं पहिलीची. म्हनून कोनी भरून पळत न्हाई, आन भांडन असलं तरी तिथं बोलावंच लागतं. लगीन होऊन आले तवापासून माझ्या पुढं भिकाबाई असायची, माझी घागर तिनंच भरली.

मालक गेले, लेक संगिता पुण्याला गेली. माझं घर नदीकाठी शेतात, गावापासून लांब. झिऱ्यावरच्या बाया सोडल्या तर बोलायला कोंबड्याच. अशात एक दिवस रेतीचा धंदा करनारा भागवत ट्रॅक्टर घेऊन आला. म्हनला, "मावशी, तुमच्या बांधावरून रेती न्यायला वाट द्या."

मी दिली. पैशाला न्हाई भुलले, खोटं कशाला बोलू! "मावशी, चहा टाका" म्हनला ना, त्याला भुलले. मंग रोजचंच झालं. बाळापूरच्या बाजारातून तो टोस्ट आनायचा, गुडघे दुखतात का इचारायचा. पोटच्या लेकीला फोनवर तेवढी सवड नव्हती.

भिकाबाई येऊन म्हनली, "चतुरे, वाट बंद कर. नदी खरडून नेऊन राहिलेत हे."

"कयाधूची रेती काय संपती का? पुरात येती की परत," मी म्हनले. ती चहा न घेताच गेली.

तीन उन्हाळ्यांत खाली नुसता खडक उरला. झिरा उकरायचा कुठं? माझ्या शेतातली इहीरबी आटली. रेती संपली तसे ट्रॅक्टर बंद झाले, आन मावशी म्हननारंबी कोनी उरलं न्हाई. बाया वरच्या वळनाला जायला लागल्या, तिथं थोडी रेती शिल्लक हाय. त्यांची वाट माझ्या घरावरून जात न्हाई.

परवा सकाळी भागवत आला. मला इतका आनंद झाला, टँकरचं राखून ठेवलेलं पानी चहाला टाकलं. घोट घेत तो म्हनला, "वरच्या वळनाला थोडी रेती हाय, मावशी. ट्रॅक्टरला तुमच्याच बांधावरून जावं लागतं."

"तिथं बायांचा झिरा हाय."

"चार दिवसाचं तर काम."

"न्हाई म्हनले ना!"

तो हसला. "मंग तुमच्याकडं येनार तरी कोन?"

मेल्याला बराबर ठाऊक होतं कुठं बोट ठेवायचं. अर्धा चहा असतानाच मी कप हिसकून घेतला. तो गेल्यावर दिवसभर बाभळीच्या फांद्या तोडल्या आन वाट बंद केली. हात रक्तानं भरले.

आज घागर घेऊन वरच्या झिऱ्यावर गेले. पाच-सहा बाया हसून बोलून राहिल्या होत्या. मला बघून आपापल्या घागरीकडं वळल्या. भिकाबाई शेवटची होती, पहिलीची घागर भरत होती. मी माझी घागर तिच्यापुढं ठेवली.

"भिका, मी वाट बंद केली. काटे टाकले."

तिनं माझ्या हातांकडं बघितलं.

"आता व्हय?" एवढंच म्हनली. करवंटी रेतीवर ठेवली, आपली घागर उचलली. बाया तिच्या मागं गेल्या.

मी खड्ड्यात उतरून बसले. वाटलं, उशिरानं का होईना एखादी येईल. ऊन डोक्यावर आलं तरी कोनी आलं न्हाई. मंग करवंटी घेतली. या गावात आल्यापासून पहिल्यांदा माझी घागर मी माझ्या हातानं भरली.