अपघात करून दाखवा

थोरली आणि धाकटी एकमेकींचं तोंड बघत नाहीत, हे कारखान्यातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. दोघी सख्ख्या जावा. राहायला एकाच घरात, पण चुली दोन, आणि मधल्या खोलीत कपाट आडवं लावून आखलेली सरहद्द. या खोक्यांच्या कारखान्यात धाकटीला थोरलीनेच चिकटवलं होतं. वर्षभरात धाकटी पुठ्ठ्याच्या मशीनवर गेली आणि थोरली आपली खोके बांधायच्या टेबलावर होती तिथेच राहिली. वर धाकटी एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत म्हणाली, ‘जाऊबाईंना मशीनची भीती वाटते.’ झालं. तेव्हापासून काही सांगायचं असलं तर पोरांच्या तोंडून नाहीतर भांडी आपटून.

त्या धाकटीच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनने नेली.

त्या मशीनला दोन रोलर. ते पुठ्ठा आत ओढतात आणि त्याला डिंक लावतात. पुठ्ठा वाकडा गेला की अडकतो. तसा तो अडकला, धाकटीने तो ओढायला हात घातला, आणि रोलरला पुठ्ठा काय न् बोटं काय, सारखंच. शेजारच्या टेबलावरून थोरलीने सगळं डोळ्यांनी पाहिलं.

चौथ्या दिवशी सेफ्टीवाल्या साहेबाने तिला खोलीत बोलावलं आणि खुर्ची दिली. इतक्या वर्षांत कारखान्यात तिला कोणी खुर्ची दिली नव्हती. तेव्हाच ती मनात म्हणाली, कुठेतरी पाणी मुरतंय.

“उद्या सरकारी इन्स्पेक्टर बाई येणार आहेत,” साहेब म्हणाला. “अपघात कसा झाला ते जागेवर करून दाखवावं लागतं. तुमच्या जाऊबाई घरी पडून आहेत, तर त्यांच्या जागी तुम्ही उभं राहायचं. मशीन बंदच असेल. रोलरसमोरची जाळी काढायची, बाजूला ठेवायची, हात पुढे न्यायचा. फोटो निघेल. संपलं.”

“जाळी तिने काढली?”

“नोंद तशी केली आहे आम्ही. कामगाराने स्वतःच्या मर्जीने जाळी काढून चालू मशीनमध्ये हात घातला.”

थोरलीला खरं ठाऊक होतं. रोलरसमोरची ती जाळी कित्येक महिने स्टोअरच्या मागे गंजत पडली होती. जाळी असली की अडकलेला पुठ्ठा काढायला वेळ जातो, म्हणून फोरमननेच ती काढायला लावली होती. अपघात झाला त्या संध्याकाळी ती जाग्यावर बसली आणि आज सकाळी तिला पिवळा रंग लागला. रंग इतका ताजा की हात लावला तर बोटाला येत होता.

“असं लिहिलं तर तिचं काय होणार?” तिने विचारलं.

“चूक त्यांची ठरली की नोकरी राहत नाही. भरपाईही नाही. नियमच आहे तसा, आपण काय करणार?” साहेबाने पेनाचं टोपण लावलं. “त्यांच्या मशीनवर मग तुम्हालाच घेऊ. आणि तुमचं तसंही त्यांच्याशी पटत नाही, असं कळलं मला. म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं.”

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता, तर कदाचित तिने त्याचं ऐकलंही असतं. मशीन तिला हवीच होती, खोटं कशाला बोला. पण हे ऐकलं मात्र, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडण तिचं होतं. ते तिने वाढवलं, निगुतीने जपलं, रोज घासून-पुसून ठेवलं. ते या टाय लावलेल्या माणसाला वापरायला कोणी दिलं? आज जावेची बोटं गेली तर हा माझ्या घरातली कटकट उसनी घेऊन तिची नोकरीही खाणार? मेल्या, तुझ्या घरात नाहीत का भांडणं?

तोंडाने ती एवढंच म्हणाली, “येते उद्या.”

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर बाई आल्या. साधी, थकलेली बाई, कानावर पेन्सिल. सोबत सेफ्टीवाला साहेब, फोटोवाला आणि फोरमन. फोरमनला सगळे पाठीमागे भोंगा म्हणत. मशीनच्या आवाजावर मात करून ओरडता ओरडता त्याचा गळाच तसा झाला होता. ‘ऊठ’ म्हणायचं तरी हा ओरडणार. दुसऱ्या दिवशीची मोठी ऑर्डर अंगावर होती आणि तपासणीपायी सकाळपासून मशीन थांबलेली, त्यामुळे भोंगा आतल्या आत उकळत होता.

“हं, सुरू करा,” साहेब म्हणाला. “जाळी काढा.”

थोरली जागची हलली नाही. “बंद मशीनवर काय दाखवू? बंद मशीनने कोणाचा हात नेलाय?”

“बाई, ठरलंय तसं करा.”

“तुमच्याशी नाही, मी यांच्याशी बोलतेय.” ती इन्स्पेक्टर बाईंकडे वळली. “जाळी असू दे. हात मी घालणार नाही. हात घालायच्या आधी काय काय झालं, तेवढं दाखवते. पण मशीन चालू पाहिजे.”

बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. “जाळी आहे ना? मग करा चालू.”

मशीन सुरू झाली. थोरलीने चार पुठ्ठे सरळ सोडले आणि पाचवा मुद्दाम कोपऱ्यात दुमडून सोडला. तो अडकला. मागचे पुठ्ठे त्याच्यावर चढायला लागले, चुरगळायला लागले, डिंक खाली सांडायला लागला. उद्याच्या ऑर्डरचे कोरे करकरीत पुठ्ठे. थोरलीने पदर खोचला. मग केस मागे केले. मग बाजूच्या लाल बटणाकडे अशी निघाली, जशी काही लग्नाच्या पंगतीत वाढायला निघाली आहे.

भोंग्याने एक पुठ्ठा फाटताना पाहिला, दोन पाहिले. तिसऱ्याला त्याच्याने राहवलं नाही.

“ए, बंद करू नकोस! हात घालून ओढ ना तो! हाताला मेंदी लावलीय का?”

सगळ्या शेडने ते ऐकलं. थोरलीने बटण दाबलं आणि मशीन थांबली.

“त्या दिवशी हेच शब्द होते,” ती म्हणाली. “मेंदीसकट.”

इन्स्पेक्टर बाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि भोंग्याला शांतपणे विचारलं, “हात कुठून घालायचा? समोर जाळी आहे ना?”

“ती तर आत्ता लावली...” भोंगा बोलून गेला आणि मग त्याने तोंड मिटलं. साहेबाचा चेहरा पडला. बाई जाळीजवळ गेल्या, तिच्यावरून बोट फिरवलं, पिवळं झालेलं बोट पाहिलं आणि वाकून लिहायला लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. जुनी नोंद खोडून नवी होणार आणि जाळी कोणी काढायला लावली तेही तीत येणार, असं त्यांनी जाताना साहेबाला सर्वांसमोर सांगितलं.

जाता जाता भोंगा थोरलीच्या कानाशी म्हणाला, “तुला बघून घेईन.”

“बघा की. पण हळू बोला, त्या अजून दारातच आहेत,” ती म्हणाली.

घरी येईपर्यंत बातमी पुढे पोचली होती. कपाटाच्या पलीकडे धाकटी भिंतीला टेकून बसली होती, बांधलेला हात उशीवर. कधी नव्हे ती थोरली कपाट ओलांडून आत गेली. आभारांची तिला अपेक्षा नव्हती, पण निदान पाणी तरी विचारेल असं वाटलं होतं.

“नोकरी वाचली तुझी,” ती म्हणाली. “बाईंनी सगळं नव्याने लिहिलं.”

“कळलं मला,” धाकटी म्हणाली. आवाजात ओलावा म्हणून नव्हता. “चालत जाऊन बटण दाबलंत म्हणे.”

“हो.”

“तुमच्या टेबलापासून किती लांब आहे ते बटण, जाऊबाई?”

थोरलीला ते न मोजताही ठाऊक होतं.

“भोंगा माझ्यावर ओरडला तेव्हा तुम्ही तिथेच होतात. मी बटणाकडे वळले तेसुद्धा पाहिलंत. त्याला घाबरून मी परत फिरले. तुम्ही नुसता हात लांब केला असता तरी मशीन थांबली असती. का नाही केलात?”

खोटं सुचत नव्हतं असं नाही. हातात काम होतं म्हणता आलं असतं, लक्ष नव्हतं म्हणता आलं असतं. पण दिवसभर खऱ्यासाठी भांडून आलेल्या बाईला घरी येऊन खोटं बोलायची लाज वाटली.

“तुला ओरडा बसत होता,” थोरली म्हणाली. “मला बरं वाटत होतं. म्हटलं, बसू दे अजून थोडा.”

धाकटीने ते ऐकून घेतलं. मग उठली, डाव्या हाताने आपल्या बाजूच्या दाराची कडी धरली आणि थोरली बाहेर जाईपर्यंत तशीच उभी राहिली.