शेतीचं पान बंद झालं तेव्हा

कार्यालयात तिला सगळे ‘पानवाल्या ताई’ म्हणत. पेपरातलं शेतीचं पान ती काढायची, आणि शेतकरी पिकाची रोगट पानं पिशवीत घालून थेट तिच्या टेबलावर आणून ठेवायचे. बोगस बियाण्यांवरच्या लेखमालेला मोठा पुरस्कार मिळाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी संपादकांनी तिला बोलावलं.

“अभिनंदन, ताई. बसा. शेतीचं पान बंद करतोय आपण. जाहिराती नाहीत.”

“आणि मी?”

“बाल्कनीतल्या कुंड्यांवर लिहा. लोकांना आवडतं.”

भांडावंसं वाटलं, पण तेवढं त्राण उरलं नव्हतं. उभी हयात बांधाबांधाने फिरण्यात गेली होती. आता जिना चढतानाही गुडघे कुरकुरत.

त्याच दुपारी धाकट्या भावाचा फोन आला. वडिलांची जमीन तो कसायचा. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसा बहिणीचा सल्ला त्याने कधी मागितला नव्हता.

“ताई, पाणी देऊनही टोमॅटो माना टाकतायत गं.”

ती गेली. एक खोड कापून तिने पाण्याच्या ग्लासात धरलं. कापल्या जागेतून दुधासारखी पांढरी तार हळूहळू खाली उतरली.

“मर रोग आहे. उपटून जाळ सगळं.”

“सगळं?”

“हो. आणि इथे काही वर्षं टोमॅटो नको, वांगी-मिरचीही नको. मका घे.”

तो मटकन बांधावर बसला. “हे पेपरात लिहिलं होतंस?”

“कितीदा तरी.”

“मी वाचलं नाही.”

“माहीत आहे मला.”

दोघांनी अंधार पडेपर्यंत झाडं उपटली. वहिनीने बांधावरच चहा आणून दिला.

“सोड ती नोकरी,” भाऊ म्हणाला. “इकडे ये.”

“येऊन काय करू? मला शेती कुठे येते? नुसतं लिहिता येतं.”

तो हसला. मग तीही हसली, कमरेवर हात ठेवून.

कुंड्यांचं सदर तिने घेतलं. पहिला लेख कुंडीच्या भोकावर होता. संपादक खूश झाले. शेतकऱ्यांचे फोन मात्र थांबले नाहीत. घरी जाताना बसमध्ये, डोळे मिटून, ती एकेकाला उत्तर द्यायची.

एकदा त्यात भावाचा फोन होता. “मक्याचं बी घ्यायला आलोय. दुकानदार दोन पिशव्या दाखवतोय. कुठली घेऊ?”

तिने डोळे उघडले, सुस्कारा टाकला. “आधी दोन्हींवरची तारीख वाचून दाखव,” ती म्हणाली.