विद्युतबाबांची भूमिशुद्धी

अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. विद्युतबाबांनी डिझेलचा भपकारा मारणारी माती काचेच्या बरणीत टाकली, मंतरलेलं पाणी ओतलं, दोन लोखंडी सळया खोचून बॅटरीला जोडल्या. जरा वेळाने बरणीत तपकिरी गाळ उसळला.

"पाहा, धरणी विष ओकतेय. वीज ही शक्ती, सळई तिची जीभ. एका पूजेत सगळी जमीन निर्मळ!"

घरातली धाकटी सून शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. घरामागच्या डेपोतल्या तेलाच्या टाक्या गळल्यापासून या घराचा पिंजरा झाला होता. घर विकायला काढलं, तर गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून परत जायचं. दुसरीकडे जायची ऐपत नव्हती. खिडक्या कायम बंद, विहिरीवर फळ्या ठोकलेल्या.

"उद्यापासून विहीर वापरायची," तिच्या सासऱ्यांनी, अप्पांनी, जाहीर केलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

सुनेला पेच पडला. बोलावं तर म्हाताऱ्याची आशा मोडणार, गप्प बसावं तर तेच पाणी लेकीच्या पोटात जाणार.

"आज नको," नवरा कुजबुजला. ती पुढे झालीच.

"बाबा, आता दुसऱ्या बरणीत मातीऐवजी नुसतं नळाचं पाणी घेऊ. चिमूटभर मीठ, आणि सळया तुमच्याच."

"अश्रद्धेपुढे शक्ती प्रकटत नाही."

"मघाशी प्रकटली, तेव्हाही मी इथेच उभी होते."

लोक हसले. बाबांना नाही म्हणता येईना. स्वच्छ पाण्यातही तसाच गाळ उसळला. तिने सळया वर काढल्या. एक जशीच्या तशी, दुसरी कुरतडल्यासारखी.

"खारट पाण्यात, मग ते मंतरलेलं का असेना, वीज सोडली की ही सळई झिजते. हा तिचाच गंज. तेल कुठंच गेलेलं नाही. पहिल्या बरणीचा वास घ्या."

अप्पांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"म्हणजे विजेने माती साफ होतच नाही?" शेजारणीने विचारलं.

"होऊ शकते. जाणकार जमिनीत सळया रोवून महिनोन्महिने वीज सोडतात, पाण्याबरोबर तेल एका बाजूला ओढून उपसतात. सगळीकडे जमतंच असंही नाही. आधी आणि नंतर प्रयोगशाळेत माती तपासली, तरच खरं काय ते कळतं."

या गडबडीत बाबांनी काढता पाय घेतला. अप्पा पायरीवर बसले.

"मग आपण इथेच अडकलो, पोरी?"

"सध्या तरी हो, अप्पा." ती शेजारी टेकली. "पण जमीन शुद्ध झाली असं आपणच म्हटलं, तर डेपोवाला कशाला साफ करून देईल? खोट्या समाधानाने तोच सुटतो, आपण नाही."

अप्पांनी मातीची बरणी जवळ ओढली. मग म्हणाले, "माती तपासायला कुठे द्यायची?"